चुकीच्या उत्तरांच्या वह्या

४ फेब्रुवारी
...त्या सकाळीही नेहमीचंच. अंगण झाडलं, म्हशीला वैरण टाकली, बंब पेटवायला घेतला. लाकडं ओली. म्हणून कपाटातल्या ह्यांच्या वह्या काढल्या. वर ह्यांनीच 'बरोबर', 'चूक' लिहिलेलं. बरोबर गणितांची एक ठेवली, चुकीच्या सात बंबात घातल्या. ह्यांना जाऊन तीन महिने झाले होते. पाणी मात्र चांगलं तापलं.

आज हे आठवलं ते सुजातामुळं. ह्यांची विद्यार्थिनी, आता भोरच्या कॉलेजात ह्यांच्याच जागी बी.एस्सी.ला गणित शिकवते. दुपारी इथं भोंगवलीला घरी आली. "जयभीम काकू. सरांच्या चुकांच्या वह्या न्यायला आले."

पोरं उत्तरं पाठ करतात म्हणाली, 'का' विचारलं की गप्प. सर कुणाचं तरी चुकलेलं उत्तर नाव न सांगता फळ्यावर लिहायचे. विचारायचे, ह्याला हे बरोबर का वाटलं असेल? मग सगळा वर्ग बोलायचा. तिला तसं शिकवायचंय.

मी ठेवलेली वही दिली.

"ही उत्तरं गाईडातबी हायेत काकू. चुका कुठंयत?"

"वाळवी लागली."

"लई हुशार वाळवी. चुकीचंच तेवढं खाल्लं!"

ती हसली. मीही हसले.

५ फेब्रु.
जेवण गेलं नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला माझी मी शिकले, पण ह्यांच्या वह्या कधी उघडून... चुकलेलं ते टाकायचं, एवढंच कळत होतं.

७ फेब्रु.
एकदा जेवताना ह्यांनी विचारलेलं, शून्य दशांश नऊ नऊ नऊ, नऊ संपतच नाहीत, तर ते एकाएवढं की कमी?

"कणभर तरी कमीच की," मी म्हणाले.

"आमची पोरंबी हेच म्हणत्यात!" ताटावरून उठून वहीत लिहून घेतलं. ते एकाएवढंच आहे, का ते नंतर समजावलंही. मला अजून पुरतं पटलेलं नाही.

ते पानही मीच जाळलं.

८ फेब्रु.
सुजाताचा फोन. एका मुलीला फळ्यापाशी बोलावलं, तर रडायलाच लागली. चुकेल म्हणून. "वाळवीतून उरलेले तुकडे द्या काकू, चिकटवून घेईन."

"बघते," म्हणाले. काय बघणार?

९ फेब्रु.
कोऱ्या वहीत माझं ते कणभर कमीचं उत्तर लिहिलं. सकाळच्या एसटीनं भोरला गेले. सुजाताला तासाआधी गाठलं, वही हातात दिली आणि सांगितलं, "वाळवी नव्हती गं. म्या जाळल्या."