माझ्याच टेबलावरचा क्लायंट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी १०.

आजपासून नोंदी ठेवायच्या. कारण मोठं आहे. आमच्या राईस मिलच्या हेड ऑफिसात नवी सिस्टीम आली. धानाची आवक, तांदळाची जावक, गेटपास, सगळं त्यातच. सर्व्हर तिथेच, गोंदियाला. इथे अर्जुनी मोरगावच्या मिलमध्ये कॉम्प्युटरवर नुसतं क्लायंट नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं. सिस्टीमवाले हेमेंद्र साहेब फोनवर म्हणाले, केवलरामजी, आप कर लोगे ना? म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.

खरी गोष्ट पुढेच. हेड ऑफिसला सिस्टीम असिस्टंटची एक जागा निघणार आहे. तीन वर्षं झाली, मी इथे भाड्याच्या खोलीत आणि बायको अन्नपूर्णा पोरीला घेऊन गोंदियाला. मंजू चौथीत गेली, मी फक्त रविवारचा बाप. ती जागा मलाच मिळणार.

संध्याकाळी ६.

३७ टक्के. दोष नेटचा.

५ नोव्हेंबर, बुधवार.

९९ टक्क्यांवर येऊन म्हणतो, सी ड्राइव्हमध्ये जागा नाही. नको त्या फाइली उडवल्या. अशा वेळी कठोर व्हावं लागतं. झालं इन्स्टॉल! दुपारी कळलं, उडवलेल्यात प्रिंटरचा ड्रायव्हरही गेला. लोकांनी फाइलींना नीट नावं द्यायला हवीत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

क्लायंट उघडतो, सर्व्हर सापडत नाही म्हणतो, बंद होतो. बावीस वेळा केलं. शेवटी काट्यावर गाड्यांचं वजन करणारी अल्का मेश्राम येऊन उभी राहिली आणि म्हणाली, भाऊ, पत्त्यात एक आकडा सुटून राहिला. मला तो दिसलाच होता. बोलणार, तेवढ्यात ती बोलली.

१० नोव्हेंबर, सोमवार.

पहिला गेटपास निघाला! ड्रायव्हरला तो जपून ठेवायला सांगितलं.

अल्का म्हणाली, माझ्या कॉम्प्युटरवर बी टाकून द्या ना, गाडी तर काट्यावरच उभी राहते, तिथूनच पास निघून जाईल. आणि मलेही शिकवून द्या. तिला सांगितलं, काट्यावर धूळ फार, या सॉफ्टवेअरला सोसत नाही. शिकायला सहा महिने लागतात. ती म्हणाली, तुमाले तर एक आठवडा लागला. तो विषय मी तिथेच थांबवला.

डोकं लावलंय. ज्या एकट्याला येतं, त्यालाच गोंदियाला बोलावतात. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. इथेही लिहीत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार.

सासुरवाडीला आज मंडईची जत्रा. मंजूला कबूल केलं होतं, झुल्यात बसवीन म्हणून. पण धान जोरात आहे, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलीय आणि माझ्या पासाशिवाय एक चाक हलत नाही. अन्नपूर्णा फोनवर म्हणाली, काऊन येऊन नाही राहिले? पोरगी सकाळपासून नवा फ्रॉक घालून बसली आहे. म्हटलं, अगं, हे सगळं तुमच्यासाठीच तर चाललंय. फोन कट झाला. नेटवर्क असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

ताप १०१. खोलीवर पडून होतो. दोन ड्रायव्हर आले आणि मला चादरीसकट मोटरसायकलवर मधे बसवून मिलमध्ये घेऊन गेले. चादर पांघरून एकोणीस पास काढले. मधे संडासला गेलो, तर अकरा मिनिटांत चार गाड्यांचे हॉर्न. एवढा मान या मिलमध्ये आजवर कुणाला मिळाला नसेल.

हेमेंद्र साहेबांना मेल टाकली, मिलमालक शेठजींना प्रत: 'माझ्याशिवाय येथील काम एक तासही चालू शकत नाही.'

८ डिसेंबर, सोमवार.

गोंदियाला आठवडाभराचं ट्रेनिंग. माझंच नाव असणार म्हणून बॅग भरली. अन्नपूर्णेला कढी करून ठेव म्हणून सांगितलं. साहेबांचा फोन आला, आप कुर्सी छोड़ोगे तो गाड़ियाँ कौन निकालेगा? अल्काला पाठवलं. काट्यावर काय, चौकीदारसुद्धा बसू शकतो. बसलाही.

बरंच झालं. ट्रेनिंग नवख्यांसाठी असतं.

१५ डिसेंबर, सोमवार.

अल्का परत आली. म्हणाली, भाऊ, तुम्ही एक-एक पास टाकून राहिले, एकदम वीस टाकता येतात. दाखवू का? म्हटलं, मला माहीत आहे, पण मी गुणवत्ता पाहतो. ती गेल्यावर वीस टाकून पाहिले. क्लायंट हँग झाला. पाहा!

असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज पाठवला. घरमालकाला खोली सोडतोय म्हणून सांगून टाकलं.

२९ डिसेंबर, सोमवार.

जागा अल्काला.

साहेबांना फोन केला. म्हणाले, नाराज मत होना, शेठजी ने आपकी मेल पढ़कर खास बोला है, केवलराम को अर्जुनी से हिलाना नहीं. ती मेल पुन्हा वाचली. भाषा उत्तम आहे.

वाईट वाटलं. जेवलो नाही. मग घरमालकाकडे जाऊन खोली सोडत नाही म्हणून सांगून आलो. त्याने भाडं वाढवलं.

३ जानेवारी २०२६, शनिवार.

सकाळी गोंदियाहून अल्काचा फोन. भाऊ, तुमचं मशीन मी इथूनच पाहून राहिली, तुम्ही हात नका लावू. आणि माऊसचा बाण आपोआप फिरायला लागला. माझ्याच स्क्रीनवर. चार मिनिटांत वीस पास. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

साहेबांना लगेच विचारलं, सगळं तिथूनच होतंय तर मी आता गोंदियाला येऊ का? ते म्हणाले, अरे, मशीन चालू कौन करेगा? प्रिंटर में कागज़ कौन डालेगा?

मंजूला फोनवर समजावून सांगितलं की बाबांची जबाबदारी वाढली आहे, उद्या येणं होणार नाही. तिने विचारलं, म्हणजे काय करता तुम्ही? खोटं बोलवलं नाही. प्रिंटरमध्ये कागद लावतो, म्हटलं. ती म्हणाली, बाबा, ते तर मले पण येते.

म्हटलं, अभ्यास कर. उद्या सात गाड्या आहेत.