काचेआडची दुसरी दुभाषी

दि. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कळवण्यास अत्यंत खेद होतो, की आमच्या ऑफिसातलं चहाचं यंत्र सोमवारपासून निव्वळ गरम पाणी देत आहे आणि माझ्याखेरीज कुणालाही या अन्यायाची चाड नाही.

अशा हलाखीत मी परिषदेसाठी फ्रेंचचं तुर्की करणारा, वर समाजशास्त्रही जाणणारा दुभाषी शोधत हिंडलो. एक सापडला तो जन्मभर गालिचेवाल्यांचे सौदे जुळवणारा, दुसऱ्याला संप हा विषय ऐकूनच घाम फुटला. अखेर तुझी मैत्रीणच मिळाली. फक्त जोडीदारीण हवी म्हणून हटून बसली होती. एक बोलत असताना दुसरी काय करते, तर म्हणे ऐकते. ऐकायला अख्खं सभागृह आहे की! एकीवरच भागवलं. साहेब खूश.

शाबासकीच्या आशेवरचा,
धाकटा

दि. ७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कान पकडायला मी तिथे नाही, हे तुझं नशीब. मी जन्म याच धंद्यात काढला; एकदा विचारायला काय झालं होतं? अरे, अर्ध्या तासात डोकं पिळून निघतं. मग दुसरी बोलते. पाळी येईतोवर ती भाषणातली नावं लिहून पुढे सरकवते, चुकलं तर कोपर मारते. आजारपणानंतर माझ्या मैत्रिणीचं हे पहिलंच काम, म्हणून तिने एकटीने करायला मान डोलावली. मुकाट्याने आणखी एक शोध.

जीव लावणारी, पण सध्या जरा कमी,
ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र परिषद उरकल्यावर हाती पडलं.

परिषदेतला मुख्य अभ्यास ज्यांच्या संपावर होता, त्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या तुर्की बायका पहिल्याच रांगेत, कानाला भाषांतर ऐकायची यंत्रं लावून बसल्या होत्या. काचेच्या खोलीत तुझी मैत्रीण सकाळपासून एकटी बोलत होती. अभ्यासक फ्रेंचमध्ये म्हणाले, पुरुष कामावर परतले, बायका अखेरपर्यंत टिकल्या. दमलेल्या तिने नेमकं उलटं सांगितलं. एकीने कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. मग सगळ्यांनीच. आणि मी शूरवीर माइकवर जाऊन म्हणालो, दुभाषी बाईंची चूक झाली, क्षमस्व. तेही तिनेच तुर्कीत सांगितलं.

ताई, त्या दिवसापासून आरशात बघून दाढी करवत नाही.

दुसऱ्या दिवशी धावपळ करून जोडीदारीण आणली आणि त्या बायकांपुढे उभा राहिलो. म्हणालो, चूक बाईंची नव्हती. त्यांनी जोडीदारीण मागितली होती, मीच दिली नाही. तुझ्या मैत्रिणीने माइक शेजारी सरकवला. एवढं बोलणं जोडीदारणीने तुर्कीत केलं.

सर्वांत थकलेली म्हातारी उठून काचेच्या खोलीत गेली, तुझ्या मैत्रिणीचा हात धरून बराच वेळ बोलली. काय, ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

कमी का होईना, जीव लावत राहा.

धाकटा