मरहूम निसार शेख यांचा निरोप मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
रुग्ण संपर्क कक्ष,
शहर उपचार केंद्र, नाशिक.

विषय : माझ्या पतीचा शेवटचा निरोप मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या खिडकीवरचे तोंडी उत्तर, ‘ताई, तसं होत नसतं.’

महोदय,

माझे पती निसार दिंडोरीच्या बागांतले फवारणीचे पंप दुरुस्त करत. साथीत ते आपल्याकडे दाखल होते, तिथेच वारले. आत कोणाला सोडत नसत, म्हणून रुग्ण सांगेल तो निरोप आपले कर्मचारी संगणकात टाइप करून घरी फोनवर कळवत. आमचा फोन लागला नाही.

१. पुढे रुग्णांची नावे व नंबर झाकण्याचा आदेश आला. उगाच चौकशी नको म्हणून आपल्या माणसांनी निरोपांचेही हॅश, म्हणजे उलगडता न येणारे सांकेतिक आकडे, करून टाकले आणि मूळ मजकूर पुसला. माझ्या हाती आली नुसती आकडे-अक्षरांची ओळ. हिचा परत मजकूर करा म्हटले, तर आपले इंजिनिअर रोहित साहेब म्हणाले, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. पण तेच वाक्य कोणी आणले, तर जुळते का ते सांगता येईल. वा रे न्याय! वाक्य माहीत असते तर मी इथे कशाला आले असते?

२. तरीही वाक्ये आणली. ‘मुलींना शिकव.’ जुळत नाही. ‘गाडी विकू नको.’ जुळत नाही. दिरांनी आपले दिले, नणंदेने आपले, त्यावरून घरात भांडणे झाली. एक टिंब कमी-जास्त झाले तरी जुळत नाही म्हणे. त्यात आमचे हे बोलायचे हिंदीत. टाइप करणाऱ्याने काय लिहिले, अल्ला जाणे. रोहित साहेब आता मला पाहून मान खाली घालतात. त्यांचा दोष नाही.

३. माझी आशा संपली. सासूबाई सलिमा यांची संपत नाही. त्या अंथरुणाला खिळल्या आहेत आणि रोज विचारतात, ‘मेरे निसारने क्या बोला?’ मी काही सांगितले की म्हणतात, तू मनाचे सांगतेस, दवाखान्याचा शिक्का दाखव.

तरी विनंती की, खालील वाक्य आपल्या कागदावर सही-शिक्क्यानिशी द्यावे. ते जुळणार नाही, तपासू नये. खोटे आहे हे मी लेखी कबूल करते, हवे तर माझ्यावर गुन्हा दाखल करावा. फक्त लवकर करावे, त्या फार दिवस थांबणार नाहीत.

‘अम्मी, अब साँस लेने में तकलीफ नहीं है.’

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारी,
कौसर निसार शेख
जुने नाशिक, दि. १२ फेब्रुवारी २०२५