बाईनं कसं बसावं

डोंबिवली, ७ नोव्हें. ५४
शाळेच्या हॉलमध्ये तिसऱ्या अंकाची तालीम. नाटकातल्या नवऱ्याचं पत्र वाचून सिंधूबाई धपकन खाली बसल्या. थांबवलं. म्हटलं, आधी निऱ्या सावरा, डावा हात टेका, मान किंचित कलती. करूनही दाखवलं. अकरा वर्षं नाटक कंपनीत नायिका केल्या, धोतरावरसुद्धा पदर दिसतो माझा.
त्या म्हणाल्या, "पण मास्तर, बाई मी आहे ना?"
सगळे हसले. प्रॉम्प्टर गोविंद सगळ्यांत मोठ्यानं.
तोंडातून गेलं, "नवऱ्यानं टाकलेल्या बाईला काय कळणार, संसारी बाई कशी बसते!"
चपला घालून निघून गेल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. माझ्याकडेही कुणी बघेना.

९ नोव्हें.
मंडळाचे चिटणीस बापूसाहेब थेट माझ्या कचेरीत. "सगळ्यांसमोर माफी मागा, नाहीतर त्या येत नाहीत. स्पर्धा तोंडावर आलीय, मास्तर."
मी विचारलं, मंडळ उभं कुणी केलं? "तुम्हीच. म्हणून तर स्वतः आलो."
नाही म्हणालो. दिग्दर्शकानं नटीची माफी? आमच्या कंपनीत मालक नुसते खाकरले तरी...

१२ नोव्हें.
मंडळानं नाटक गोविंदाकडे दिलं. गोविंदाकडे! स्टेजवर हात कुठे ठेवायचे हे माझ्याकडून शिकला.

२० नोव्हें.
संध्याकाळी रिकामा. कोपरच्या शेतांपर्यंत चालत गेलो. कंपनी बुडाली त्या वर्षी मिशी ठेवली. आरशात बघवेना. मग नोकरी, मग हे मंडळ. आता तेही.

५ डिसें.
ठाण्याला स्पर्धेच्या पहिल्या फेरीचा प्रयोग. तिकीट काढून मागे बसलो. पत्रिकेत दिग्दर्शक म्हणून गोविंद. माझं नाव आभारातसुद्धा नाही.
हालचाल न् हालचाल माझी. खिडकीकडची तीन पावलं माझी. फक्त पत्र वाचून झाल्यावर सिंधूबाई बसल्या त्यांच्या रीतीनं. निऱ्या नाहीत, मान नाही. पाठीवरचं पोतं खाली टाकावं तशा.
शेजारची म्हातारी पुटपुटली, "अस्संच होतं गो," आणि पदरानं नाक पुसलं.
अकरा वर्षांत माझ्यासाठी कुणी असं नाक पुसलं नव्हतं. वन्समोअर खूप मिळाले.
मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

६ डिसें.
इंदूला सांगितलं. बायको कधी नाटकाविषयी बोलत नाही. लाटणं थांबलं.
"लग्न झाल्यावर मलाही पदर कसा घ्यायचा ते शिकवलं होतंत. सासूबाईंसमोर."
बावीस वर्षांनी आज!
"तेव्हा का नाही बोललीस?"
"कुणाला सांगणार होते?"
पोळी करपली. तीच खाल्ली.

१२ डिसें.
विठ्ठलवाडीला गेलो. सिंधूबाई जिन्यात आल्या, आत या म्हणाल्या नाहीत. मुलींच्या वह्या हातात, शाळेत शिकवतात.
"तुमचं बसणं बरोबर होतं," म्हटलं.
"माहीत आहे."
"चुकलं माझं."
"हे जिन्यात सांगताय? बोललात तेव्हा सगळं मंडळ होतं."
मान खाली घालून वळलो, तर मागून, "दुसऱ्या अंकाच्या शेवटी माझा आवाज पडतो. गोविंदाला ते ऐकूच येत नाही. उद्या साडेपाचला पुढच्या फेरीची तालीम आहे."
बोलावलं, की बजावलं?

१३ डिसें.
अर्धी रजा टाकून घरी आलो. शाळा इथून सात मिनिटांवर. बापूसाहेब असणार. गोविंद हसणार. हसू दे. नको, हसू नये त्यानं.
माफीची सुरुवात कशी करायची ते चार वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं. चारही वेळा नाटकी. इंदू आत ऐकतेय, भांड्यांचा आवाज बंद झालाय.
पाच वीस.