दुसरं मध्यंतर

रविवार, ४ फेब्रुवारी

दोन मध्यंतरं! एका सिनेमाला दोन! मॅनेजर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये येऊन हे सांगून गेला, आणि वर हसत होता. रविवारी सकाळी जुने सिनेमे लावायला लागल्यापासून गर्दी वाढली, मध्यंतरात काउंटरवर रांग लागते. मग एकदाच का लागू द्यायची? "माणसाला तासातासानं भूक लागते," म्हणे. माणसाला नाही हो, तुमच्या काउंटरला लागते!

पण खरी कमाल पुढंच. दुसरं मध्यंतर घातलं की बाराचा खेळ अडतो. म्हणून दोन-तीन मिनिटं कुठूनतरी कापायची. कुठून? तर बूट पुसण्याच्या प्रसंगातून! "ती बाई बूट पुसते तोवर माणसाचा डोळा लागतो. बोलत पण नाही काही."

बोलत नाही! अरे, तेच तर आहे! नवऱ्याची नोकरी गेलीय. तो घरी सांगत नाही, रोज सकाळी तयार होऊन बाहेर पडतो. हिला कळलंय. पण कळल्याचं ती कळू देत नाही. आणि त्याचे बूट पुसत बसते. दोन मिनिटं. संवाद नाही, संगीत नाही, नुसता ब्रश. बूट चकचकीत झाले तरी पुसतेच आहे. मग तळव्याला पडलेलं भोक दिसतं, तर जाड कागदाची घडी करून आत सरकवते आणि बूट दारात नीट मांडून ठेवते. बस! आजच्या सिनेमात याच जागी तिनं चार मिनिटं भाषण ठोकलं असतं, आणि मागं नव्या बुटांचं दुकान दिसलं असतं.

कापलं ऑपरेटरकाकांनी. पस्तीस वर्षं याच केबिनमध्ये आहेत. म्हणाले, "कात्री त्यांची, हात माझा. तू तोंड मिट आणि दिवा धर." मी दिवा धरला. धरायला नको होता.

कापलेल्या फितीची गुंडाळी बशीएवढी झाली. काकांनी कचऱ्यात टाकली. मी काढून माझ्या कप्प्यात ठेवली. त्यांनी पाहिलं आणि पुढचं रीळ चढवलं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आजपासून मॅनेजरचं नाव कात्री. वहीपुरतं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

आज काउंटरवरची ती आपणहून बोलली! काउंटरवर गर्दी नव्हती. मी कॉफी घ्यायला गेलो (मला कॉफी आवडत नाही. दिवसाला तीन होतात).

"काय प्राध्यापक, आज कुणावर चिडलात?"

कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून ती मला प्राध्यापक म्हणते. दुसरं कुणी म्हणालं असतं तर कानाखाली काढली असती.

दोन मध्यंतरांचं सांगितलं. जरा जोरातच सांगितलं असेन. ती म्हणाली, "हळू. काउंटरच्या कंत्राटदारबाई आत आहेत." मग म्हणाली, "तो रविवारी सकाळचा सिनेमा ना? त्यात एका जागी आवाज जातो."

"कुठं?"

"शेवटाकडं. मी दर रविवारी वाट बघते, की आता लोक ओरडतील, शिट्ट्या मारतील. पण कुणीच ओरडत नाही. एवढी माणसं एकदम गप्प कशी बसतात रे?"

मला कळेचना. मग डोक्यात उजेड पडला. तिनं हा सिनेमा पाहिलेलाच नाही! हाच काय, कुठलाच नाही. दोन वर्षं काउंटरवर आहे, आणि दारातून येतात तेवढेच सिनेमे तिला माहीत. पण कान काय आहेत! कोणतं गाणं संपलं की मक्याच्या लाह्यांचं भांडं तापवायचं, कोणत्या थपडेनंतर मध्यंतर होतं, सगळं पाठ. नायिकेचा आवाज अगदी तिच्यासारखा काढून दाखवला. मग विचारते, "दिसते कशी रे ती? मला वाटतं बुटकी असेल."

बुटकीच आहे! आजवर माझ्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं.

आवाज जात नाही, तिथं ती बूट पुसते, असं सांगितलं. मग भोकाचं आणि कागदाचं. ती ऐकत होती. तेवढ्यात बाई बाहेर आल्या. "बोलायचं असेल तर विकता विकता बोल." एक स्टूलसुद्धा देत नाहीत तिला. बसलेली मुलगी विकत नाही, असं त्यांचं शास्त्र.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

जेवताना बाबांशी वाजलं. तेच ते. "नापास झाला असतास तर मी जगाला तोंड दिलं असतं. पण पास होणारा मुलगा अंधारात रिळं गुंडाळतो, हे कुणाला सांगू?" मी म्हणालो, तुमच्या जगाला वस्तू विकायला पदवीधर लागतात, मला विकायचं नाही काही! आणि बरंच बोललो. लोकांना जे लागत नाही ते गळ्यात मारायचं, मग ते ठेवायला कपाट गळ्यात मारायचं, मग कपाट ठेवायला घर. जुन्या सिनेमात बघा, नायकाकडं दोन शर्ट असतात. कॅमेरा घरातल्या एकुलत्या एका कपाकडं असा बघतो, की तो कप आपल्याला आयुष्यभर आठवतो!

ताई शांतपणे म्हणाली, "आणि तू चहा पितोयस तो कप?"

कपावर नायिकेचा फोटो. थिएटरच्या दारात मांडतात त्या टेबलावरून घेतलेला. तसेच आणखी दोन कपाटात.

"ते वेगळं," मी म्हणालो.

"हो ना! दुसऱ्यानं घेतली की हाव, आपण घेतली की आवड."

आई हसली. बाबासुद्धा. मी ताटावरून उठलो. मग भूक लागली म्हणून परत आलो.

रविवार, ११ फेब्रुवारी

नवी व्यवस्था सुरू. अकरा वीसला दिवे लागले. नवऱ्यानं संध्याकाळी दाराची कडी वाजवली, त्याच क्षणी पडद्यावर जाहिरात — फोन घ्या, जुना देऊन नवा घ्या! पहिल्या रांगेतले आजोबा बावरून इकडंतिकडं बघत होते. संपला की काय, असं वाटलं असणार त्यांना. बाकीचे उठले आणि रांगेत उभे राहिले. कुणीच कसं चिडत नाही? दिवा लागला की खायचं, शिकवलंच आहे तसं.

काकांपुढं हेच सगळं ओतलं. मशीनला तेल घालता घालता ते म्हणाले, "त्या काळचे सिनेमावाले साधुसंत होते, असं वाटतं का तुला? चांगल्या तीन सिनेमांत एका कंपनीचा साबण आहे. नीट बघ, लेबल कायम कॅमेऱ्याकडं. हाव जुनीच रे. फक्त बूट पुसायला तेव्हा दोन मिनिटं सोडायचे."

तेवढंच तर मागतोय मी! दोन मिनिटं!

मंगळवार, १३ फेब्रुवारी

रविवारी काका नसणार. डोळ्याचं छोटं ऑपरेशन आहे. "एकटा चालवशील ना?" म्हणाले. हो म्हणालो.

ठरलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

फीत परत जोडली. जोड पहिल्यांदा तिरका बसला. तीनदा घातला तेव्हा कुठं सरळ बसला.

तिला जिन्यात गाठलं. म्हणालो, उद्या दुसरं मध्यंतर होणार नाही. अकरा वीसला मागच्या दारानं आत ये. शेवटची रांग, कोपऱ्यातली खुर्ची. बसून बघ.

"वेड लागलंय का तुला? दुसऱ्या मध्यंतराचा माल आधी काढून ठेवावा लागतो मला."

"काढू नकोस."

"बाई विचारतील ना!"

"विचारू देत! किती दिवस घाबरायचं?" आणि मग मी बोलतच सुटलो. कात्री, बाई, हाव, माणसाचं गिऱ्हाईक कसं होतं वगैरे वगैरे. ती कठड्याला टेकून ऐकत होती. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर. शेवटी म्हणाली, "झालं? लाह्यांचं मशीन चालू आहे माझं." आणि गेली.

येईल. मला खात्री आहे. नाही, खात्री नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

आली!!

अकरा वीस झाले, मी दिवे लावलेच नाहीत. कडीवरून सिनेमा तसाच पुढं गेला, माझा जोड खाडकन आवाज करून गेला, आणि ती बाई खाली बसली. ब्रश घेतला. केबिनच्या झरोक्यातून मी कोपऱ्यातल्या खुर्चीकडं बघत होतो. रिकामी. रिकामी. मग दार किलकिलं झालं, उजेडाची एक पट्टी आली, आणि ती येऊन बसली. डोक्यावर काउंटरची कागदी टोपी तशीच. जरा वेळानं तिनं ती काढली आणि मांडीवर ठेवली.

पडद्याकडं मी पाहिलंच नाही. तिचं डोकं जराही हललं नाही. अख्खं थिएटर गप्प. त्या दोन मिनिटांत मला जे वाटलं, ते लिहिता येत नाही. प्रयत्न केला, खोडलं.

सिनेमा संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी वर झरोक्याकडं हात केला. मला!

(त्याच दिवशी, दुपारी)

जळका वास. तो टाळ्यांच्या आधीच आत आला होता, मला कळला नाही. काढून ठेवलेला माल थाळ्यांत ढिगानं तसाच पडलेला, मशीनमधला जळून काळा. बाई हिशोबाला म्हणून मुद्दाम दुसऱ्या मध्यंतराला आल्या होत्या. तर काउंटरवर कुणी नाही आणि धूर.

मी खाली पोचलो तेव्हा ती टोपीची घडी घालत होती. माझ्याकडं बघितलं नाही. बाई आणि कात्री ऑफिसात होते, तीही आत गेली. दार लागलं. मी बाहेर उभा. आत जाऊन सगळं अंगावर घ्यायचं, असं ठरवत होतो. ठरवतच राहिलो.

ती बाहेर आली आणि सरळ रस्त्याला लागली.

सोमवार, १९ फेब्रुवारी

तिला काढलं. मला नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी

मला का नाही काढलं? कात्री नुसता म्हणाला, "पुन्हा असं करू नकोस." इतकंच! लोक खूश होऊन गेले, मालकांना जाऊन सांगितलं कुणीतरी, म्हणून असणार. म्हणजे टाळ्यांनी मला वाचवलं. त्या टाळ्यांची आता शिसारी येते.

काका एका डोळ्यावर पट्टी बांधून आले. माझा जोड बोटानं चाचपला. "जोड बरा घातलायस," म्हणाले. "बाकी सगळं उसवलंस."

बुधवार, २१ फेब्रुवारी

तिच्या घरी गेलो. ताईनं ढकललं म्हणून. "वहीत रडून काय होतं? पत्ता आहे ना? मग जा."

एकच खोली. ती आणि तिची आई शर्टांना बटणं लावत बसल्या होत्या, मध्ये शर्टांचा ढीग. आईंनी मला बघितलं आणि "पाणी आणते" म्हणून उठून गेल्या. बराच वेळ आणतच होत्या.

मी सुरुवात केली. अन्याय झालाय, मी बाईंना सोडणार नाही, ही माणसं किती लोभी—

"लोभी कोण?" ती सुईत दोरा ओवत होती. वर बघितलं नाही. "बाई लोभी. मॅनेजर लोभी. आणि तुला मी त्या खुर्चीत बसलेली बघायची होती, ते काय होतं?"

मी ढिगातला एक शर्ट उचलला आणि परत ठेवला.

"मी नाही म्हणाले होते तुला, जिन्यात. ऐकलंस? तुझं भाषण चाललं होतं."

"पण तू आलीस."

"आले." एक बटण लावून झालं. दोरा दातानं तोडला. "बुटकी आहे खरंच ती. आणि हात मोठे आहेत तिचे, माझ्या आईसारखे. छान आहे सिनेमा."

मग म्हणाली, "तुझी नोकरी आहे ना अजून?"

"आहे."

"मग जा. दुपारच्या खेळाला उशीर होईल."

इतक्या कोरड्या आवाजात, की मी पाणी न पिताच निघालो. रस्ताभर तेच — जिन्यात ती नाही म्हणाली होती. खरंच म्हणाली होती. मला त्यातला एक शब्द आठवत नाही. माझी भाषणं सगळी आठवतात.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

राजीनामा घेऊन मॅनेजरकडं गेलो. ते कागदाकडं बघून म्हणाले, "आता कसला राजीनामा? तिनं त्याच दिवशी सांगितलंय आम्हाला. म्हणाली, मलाच एकदा सिनेमा बसून बघायचा होता, मीच त्याच्या मागं लागले, तो नको नको म्हणत होता. त्याला काढू नका, शिक्षण अर्धवट आहे त्याचं, दुसरीकडं कोण घेणार?"

नको नको म्हणत होतो. मी!

खरं काय ते सांगितलं. आधी त्यांना, मग बाईंना. केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. बाईंनी चष्म्यावरून किल्लीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "रविवारी कामावर पाठव तिला."

पाठव, म्हणाल्या. म्हणजे निरोप मीच न्यायचा.