बर्फाच्या कडेचं पाणी

९ जून, सोमवार
सोबतची वैशाली नोकरी सोडून गेल्यापासून रे रोडच्या या लॅबमध्ये मी एकटीच. फ्रीजची घरघर, बाकी काही नाही. जगदीश सरांनी अंटार्क्टिकाहून आणलेल्या बाटल्यांपैकी अकरांतलं शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली मोजून झालं. समुद्रावरच्या बर्फाच्या कडेचं पाणी. यंदा बर्फ जेमतेम धरला होता म्हणे. डायटम— काचेच्या डबीसारखं कवच असलेलं, सूक्ष्म शेवाळांत त्यातल्या त्यात मोठं— जवळजवळ नाहीच! सगळं शेवाळ बारीक, शेपटीवालं.

१० जून
पुन्हा मोजलं. तेच.

१२ जून
सरांना तक्ता दाखवला. शेजारी त्यांचे जुने तक्ते ठेवले— मागची तीन वर्षं डायटम भरपूर. सर म्हणाले, या बाटल्या खराब झाल्या असतील, अहवालातून काढून टाक. मी नाही म्हटलं. त्यांच्या हाताखाली सतरा वर्षांत पहिल्यांदा.
"मग माझी सही मिळणार नाही," म्हणाले, आणि उठून गेले.

१५ जून, रविवार
घोडपदेवला बाबांकडे. जवळा निवडत बसले होते. क्रिल म्हणजे तिकडचा जवळा, एवढं त्यांना ठाऊक. सांगितलं— क्रिलची पिल्लं बर्फाच्या पोटाला चिकटलेलं शेवाळ खरवडून हिवाळा काढतात. बर्फ नाही तर तेही नाही. आणि बारीक शेवाळ क्रिलच्या पायांच्या गाळणीतून निसटतं. त्यावर सॅल्प वाढतात— जेलीसारखे, नुसतं पाणी. क्रिलवर जगणाऱ्या पेंग्विनांचं पोट त्याने भरत नाही. सर या बाटल्या काढून टाक म्हणाले, तेही सांगितलं.
बाबांचा हात थांबला. "मग हे तुझ्या सरांना कळत नाही?"
हे सगळं मला शिकवलं तर त्यांनीच.

२० जून
सर जिन्यात भेटले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डबा टेबलावरच खाल्ला. करी रोडला घरी आल्यावर लक्षात आलं— आज दिवसभर मी कोणाशी एक शब्दही बोलले नाही.

२३ जून
अहवाल पाठवला. सगळ्या बाटल्यांसकट, माझ्या एकटीच्या सहीने.

२६ जून
सर आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "मागची तीन वर्षं मलाही हेच दिसत होतं गं, संघमित्रा. कोणाला खरं वाटणार नाही म्हणून मी डायटम नसलेल्या बाटल्या वगळत आलो."