पन्नास सेकंदांत टाकीचा चढ

३ मार्च, सकाळी ९.१२
हीच वेळ. घड्याळ बघून ठेवलं आहे. पाण्याच्या टाकीच्या चढावर मी शिस्तीत तिसऱ्या गिअरमध्ये चालले होते. मागून नणंदेने हॉर्न मारला, मला ओलांडलं आणि खिडकीतून टाटा केला. वर ग्रंथालयाच्या दारात माझी वाट बघत उभी. म्हणाली, वहिनी, आलात? मला वाटलं पुस्तकाची मुदत संपेपर्यंत पोचताय की नाही. मी उत्तर लगेच देत नाही, तयारी करून देते.

३ मार्च, रात्री ८
तिने मुलाला फोन केला. मुलाने मला. आई, गाडी चढावर रखडते म्हणे, मागून ट्रक येतात. ३० तारखेला येतो, शेजारी बसतो. पेट्रोल पंपापासून टाकीपर्यंत साठ सेकंदांत चढली तर प्रश्न मिटला. नाही तर किल्ली माझ्याकडे.
मी म्हटलं, पन्नास.
तो म्हणाला, अगं, साठ चालतील.
मी म्हटलं, पन्नास! आणि फोन ठेवला.

४ मार्च
वेळ लावून बघितली. अठ्ठावन्न. फक्त आठ सेकंद कमी करायचे. एवढा वेळ तर नणंद आरशासमोर घालवते.

६ मार्च
इंटरनेटवर सापडलं. गाडीला श्वास घेता येत नाही, एवढंच. कंपनीचा कागदी फिल्टर काढून उघडा, कोनासारखा, कापडी फिल्टर बसवायचा. खोक्यावर लिहिलं आहे, ‘जाणवेल अशी ताकद’. मागवला. लाल रंगाचा. नणंदेला ओलांडताना बॉनेट बंद असणार याचंच वाईट वाटतं.

१० मार्च
मेकॅनिक बसवेना. म्हणाला, काकू, इंजिनाला लागते तेवढी हवा जुन्या फिल्टरमधून जातेच. तो मळलाय, तर नवा कागदी घाला. हा उघडा बसवलात तर बॉनेटखालची गरम हवा आत जाईल. ताकद वाढायची नाही, आवाज वाढेल.
मी त्याला सांगितलं, पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं काढली आहेत, लोकांना वाटेला कसं लावतात ते मला शिकवू नका. बसवला बिचाऱ्याने. तोंड पाडून.

११ मार्च
काय आवाज! वाघ. शेजारीण गॅलरीत येऊन विचारून गेली, काही फुटलं का.
वेळ एकोणसाठ सेकंद. वारा समोरून होता.

१५ मार्च
स्टेपनी काढली. मागची सीट काढली. छत्री काढली. अठ्ठावन्न.
शाळेत सिस्टर सांगायच्या, क्षमा करावी. केली असती. पण नणंदेने मागितलेली नाही.

२१ मार्च
फिल्टरबरोबर तेलाची बाटली आली होती. पत्रकात लिहिलं आहे, धुऊन झाल्यावर थोडं लावा, जास्त नको. ‘थोडं’ हे कंजूष माणसांसाठी. तेल जितकं जास्त, तितकी धूळ धरेल, हवा तितकी शुद्ध. अख्खी बाटली ओतली. निथळू दिलं नाही, वाया गेलं असतं.

२४ मार्च
एक मिनिट अकरा सेकंद. मध्येमध्ये हिसके. ताकद गोळा होत असावी. नणंदेला ३० तारखेचं निमंत्रण दिलं. साक्षीदार हवा. म्हणाली, नक्की येते हो वहिनी, मागेच राहीन. तोंडात साखर.

३० मार्च, सकाळी १०
बरोबर मध्यावर गाडीने तीन आचके दिले आणि गप्प झाली. मुलगा म्हणाला, आई, हँडब्रेक. मी म्हटलं, दिसतोय मला. मागून ट्रक, ट्रकच्या मागे बस. ट्रकवाला उतरून म्हणाला, आजी, घाबरू नका. आजी!
नणंदेने तिची गाडी पुढे घेतली आणि डिकीतून दोर काढला. माझी गाडी बांधून वरपर्यंत ओढून नेली. वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही. हे जास्त लागलं.

१ एप्रिल
मेकॅनिकने दाखवलं. हवा मोजणारा सेन्सर तेलाने माखला होता, इंजिनाला आकडे चुकीचे जात होते. पुसला. नवा कागदी फिल्टर घातला. स्वतः चालवून आला. छप्पन्न सेकंद. मेकॅनिकने फक्त बिल पुढे केलं. शहाणा आहे.
मुलाला फोन करून सांगितलं, छप्पन्न. तो म्हणाला, आई, पन्नास तूच म्हणालीस ना? संध्याकाळी येऊन किल्ली घेऊन गेला तो गेलाच.

२ एप्रिल, दुपारी ४
पत्राचा मसुदा. कच्चा कागद नको म्हणून इथेच.

प्रति, नणंद.
विषय: शनिवारचा ग्रंथालय-प्रवास.
तुझ्या ३ मार्चच्या वर्तनाबद्दल माझी हरकत कायम आहे आणि तिची दखल घ्यावी. तथापि, माझ्याकडची दोन पुस्तकं परत करायची आहेत आणि तो चढ पायी चढणं मला जमत नाही. शनिवारी सकाळी नऊला तू मला न्यायला येणार आहेस किंवा कसे, हे लेखी कळवावे. मी पुढच्या सीटवर बसेन. उत्तर शुक्रवार, ४ एप्रिल, सायंकाळी पाचच्या आत मिळावे. न मिळाल्यास तुझा होकार आहे असे समजून मी पावणेनऊपासून फाटकात उभी राहीन.